छताची गादी

कोणाच्या गादीला मधोमध एकच खळगा आहे आणि कोणाच्या गादीला दोन काठांना दोन, यावरून ब्लॉक कॉलनीतल्या कोणत्या नवरा-बायकोचं बोलणं बंद आहे हे कय्यूमभाऊ पिंजाऱ्यांना कळायचं. ते बोभाटा करत नसत. गादी परत देताना फक्त त्या घरच्या पुरुषाकडे पाहून म्हणायचे, "रुई मधात सरकवून देल्ली जी. बाकी तुमचं तुम्ही पाहा."

ते मूळचे वरोऱ्याचे. बाप पिंजारी, आजा पिंजारी आणि गावचा बाजार कापसाचा. तिथं पिंजाऱ्याला काम शोधत फिरावं लागत नसे. पण ब्याऐंशी साली गडचिरोली जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून नागपूर-वर्ध्याकडचे कारकून आले, आणि कय्यूमभाऊंच्या मनात आलं की या धानाच्या मुलखातले लोक तणसावर सुखानं झोपतात, सरकारी नोकराला मात्र गादी लागते. पिंजण खांद्यावर टाकून ते एसटीत बसले. पिंजण म्हणजे पुरुषभर लांबीचं धनुष्य. त्याच्या तातीवर लाकडी ठोकणं मारत गेलं की दबलेली रुई धुक्यासारखी सुटत जाते. कंडक्टरनं त्या धनुष्याचं वेगळं तिकीट मागितलं तेव्हा भाऊ म्हणाले, "थे उभ्यानं येऊन राह्यलं ना जी. बसलं कुठी?"

ब्लॉक कॉलनी गावाबाहेर, चामोर्शी रस्त्याला होती. एका ठेकेदारानं ती एका हिवाळ्यात उभी केली. विटा नाहीत, सिमेंटचे पोकळ ठोकळे एकावर एक, आणि वर सपाट स्लॅब. हिवाळ्यात बांधली, हिवाळ्यातच ताब्यात दिली, म्हणून एप्रिलपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. मग कळलं की ही घरं दिवसभर ऊन खातात आणि दिवेलागणीपासून ते आत ओकायला लागतात. पश्चिमेच्या भिंतीला टेकून जेवायला बसलेला माणूस भाकरीसारखा एका बाजूनं शेकून उठायचा. पावसाळ्यात सुटका होईल म्हणावं, तर भोवतीच्या धानाच्या बांध्यांत पाणी, तळ्यांत पाणी, हवेत पाणी. कूलर लावला की म्हशीनं तोंडाजवळ श्वास सोडल्यासारखं वाटे.

उपाय सगळ्यांनी केले. स्लॅबवर चुना मारला, तो एका पावसाळ्यात धुऊन गेला. तणस पसरलं, ते वादळानं नेऊन रस्त्यावर टाकलं. दसरूभाऊ गेडाम हे जीपचे ड्रायव्हर, वयानं मोठे आणि कॉलनीतल्या प्रत्येक भांडणाचे पंच. त्यांनी काठाला माती लावून स्लॅबवर पाणीच साठवलं. घर दोन दिवस गार राहिलं. तिसऱ्या दिवशी पाणी स्वयंपाकघरात उतरलं.

कय्यूमभाऊही कॉलनीतच, शेवटच्या घरात भाड्यानं राहायचे. दहा-बारा वर्षं त्यांचं बरं चाललं. मग फोम आला. लोक पिंजाऱ्याला हाक मारायचे ते बंद होऊन दुकानातून गुंडाळलेल्या फोमच्या गाद्या आणू लागले, आणि त्यातली निम्मी दुकानं जिथून माल उचलत, ते वरोऱ्याचं मोठं दुकान कय्यूमभाऊंच्या सख्ख्या भावाचं, रईसचं होतं. रईस दर ईदला निरोप पाठवायचा: ये, गल्ल्याशेजारी बस, गिऱ्हाईकासमोर फोम दाबून दाखवायचा, एवढंच काम.

"भांडे घासाच्या स्पंजवर झोपून राह्यले लोक," कय्यूमभाऊ म्हणायचे, "आणि मी थे दाबून दाखवू?"

त्यांची बायको अमिनाबाई खोळी शिवायच्या आणि गादीला डोरे घालायच्या. त्यांना फोमचा राग नव्हता. त्यात डोरे घालावे लागत नाहीत. सत्त्याण्णवच्या मार्चात त्यांनी सांगून टाकलं, "ये आखरी गर्मी है. काम नहीं मिला तो वरोरा. फिर मुँह मत फुलाना."

त्या उन्हाळ्यात काम मिळालं, तेही अमिनाबाईंमुळेच. त्यांच्या घरातल्या एका खोलीत जुन्या रुईचे गठ्ठे पार स्लॅबपर्यंत रचलेले असत. मे महिन्यात दुपारी अमिनाबाई दिसेनाशा व्हायच्या. एकदा भाऊंनी शोधलं तर त्या गठ्ठ्यांच्या मधल्या बोळात चटई टाकून झोपलेल्या, घामाचा थेंब नाही. भाऊ शेजारी बसले. दुपारभर बसले. मग बाहेर येऊन दसरूभाऊंच्या अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "घराले गादी लावतो. वरतून."

"पागल झाला का बे?" दसरूभाऊ म्हणाले. "गादीनं गरम होते. घराले रजई पांघरवली तं आतचे लोक उकडून मरतीन."

"बर्फवाला लादीवर पोतं काऊन टाकते मंग? बर्फाले थंडी वाजते म्हणून?"

दसरूभाऊंना उत्तर सुचलं नाही, म्हणून त्यांनी परवानगी दिली नाही. परवानगी दिली सीताबाई निमगड्यांनी. त्या दवाखान्यात नर्स. त्यांची कायम रात्रपाळी असे, म्हणजे जगाच्या दुपारी त्यांची रात्र, आणि ती रात्र त्या तापलेल्या स्लॅबखाली काढत. सहा वर्षांत सलग तीन तास झोप मिळाली नव्हती. "काहीबी लाव," त्या म्हणाल्या. "शेण लाव. पण मले झोपू दे."

कय्यूमभाऊंनी घराच्या आत, स्लॅबखाली, ठोकळ्यांना भोकं पाडून पोकळीत बांबूची टोकं रोवून भिंतीपासून भिंतीपर्यंत आडवे बांबू टाकले, त्यांवर बांबूचे विणलेले ताटवे पसरले, ताटव्यांवर गाद्या. गादी आणि स्लॅब यांच्यात वीतभर जागा ठेवली आणि वरचे झरोके उघडे ठेवले, म्हणजे तापलेली हवा तिथूनच बाहेर जावी आणि पावसाळ्यात रुई सादळू नये. विजेच्या तारा लांब वळवल्या. पश्चिमेच्या भिंतीलाही आतून कामट्या मारून त्यांवर एक पातळ गादी उभी केली. सीताबाईंचं घर आतून थेट पेटीसारखं दिसायला लागलं. बायका बघायला आल्या आणि तोंडाला पदर लावून हसून गेल्या.

सीताबाई सकाळी नऊला झोपल्या त्या साडेचारला उठल्या. उठून दारात आल्या आणि समोरच्या घरातल्या नंदिनी चिलबुलेला म्हणाल्या, "लग्नाच्या आधी अशी झोपत होती मी."

पुढच्या मेपर्यंत चौदा घरांना छताची गादी लागली. दसरूभाऊंच्याही. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की कल्पना मुळात त्यांच्याच अंगणात निघाली होती. मधला पावसाळा संपला तेव्हा कय्यूमभाऊंनी घरोघर जाऊन लागलेल्या गाद्या काढल्या, उन्हात घातल्या, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी दिली, पुन्हा चढवल्या. लोक त्यांना बैठकीत बसवून चहा देऊ लागले. अमिनाबाईंनी वरोऱ्याचं नाव काढणं सोडलं.

आता एवढी रुई कुठून आली, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

आमच्याकडं माणूस गेलं की ज्या गादीवर ते गेलं ती घरात ठेवत नाहीत. तिरडीमागून ती गादीही निघते आणि नाल्यापलीकडं पडते. तिला कोणी हात लावत नाही. कय्यूमभाऊ लावायचे. चांगली देवकापसासारखी रुई पावसात कुजते हे त्यांच्यानं बघवत नसे. ते सायकलवर गादी बांधून आणायचे, उसवायचे, तीन दिवस खडकावर ऊन द्यायचे, दोनदा पिंजायचे. माणसांच्या गाद्यांत ती रुई त्यांनी कधी घातली नाही. तेवढी समज त्यांना होती. पण छताला काय हरकत?

"बता तो दो उनको," अमिनाबाई म्हणाल्या होत्या.

"पुसते त्याले सांगतो ना. आणि रुईले काय मालूम, वरतं कोण मेलं थे?"

चूक रुईची झालीच नाही. चूक खोळींची झाली. निळ्या पट्ट्यांचं ते जाड कापड आणखी दहा वर्षं टिकलं असतं, ते फेकायचं कसं? भाऊंनी खोळीही तशाच वापरल्या.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात एक बोका नंदिनी चिलबुलेच्या बेडरूमच्या झरोक्यातून आत उतरला, ताटव्याची कड सुटली आणि वरच्या गादीचा एक कोपरा नंदिनीच्या नाकासमोर लोंबू लागला. त्या कोपऱ्याला जांभळ्या लुगड्याचं ठिगळ होतं. ठिगळ नंदिनीनं स्वतः लावलेलं होतं, तीनदा उसवून. उसवायला लावणाऱ्या तिच्या सासूबाई, लहानूबाई, दीड वर्षापूर्वी त्याच गादीवर वारल्या होत्या.

नंदिनीची किंकाळी दुसऱ्या रांगेतल्या आमच्या घरी ऐकू आली. माणसं धावत गेली तेव्हा ती अंगणात उभी राहून वर बोट दाखवत होती.

"जित्या होत्या तवा निदान बैठकीत झोपत होत्या! मेल्या आणि बेडरूममधी आल्या!"

तिचा नवरा खाली मान घालून उभा होता. गेलं वर्षभर त्या खोलीत त्याला उगीचच कोणीतरी पाहत असल्यासारखं वाटत होतं, असं त्यानं नंतर दसरूभाऊंना सांगितलं, आणि दसरूभाऊंनी ते गुपित कॉलनीबाहेर जाऊ दिलं नाही.

संध्याकाळी कडुनिंबाखाली सगळी कॉलनी जमली. कय्यूमभाऊ मधोमध उभे होते. खोटं बोलायची सवय नसल्यामुळं त्यांना तिथं फार जड गेलं.

"सगळ्याईच्या घरी तसंच हाये?" दसरूभाऊंनी विचारलं.

"हाव जी."

"कोणाच्या वरतं कोण हाये?"

"कायले पुसता?"

"सांग."

कय्यूमभाऊंनी सांगितलं. आठवायची गरजच नव्हती. रुई हातात आली की तिचं माणूस त्यांना पाठच होई. मास्तरांच्या वर झाडू नावाचा पहारेकरी. तलाठ्याच्या वर त्यानंच ज्याचा सातबारा चार वर्षं अडवला होता तो बुधू. आमच्या वर पोस्टातल्या एक बाई, फार सज्जन. "आणि तुमच्या वरतं, दसरूभाऊ, आधीच्या साहेबाचे वडील."

"जे मले गाढव म्हणत होते, थे?"

"हाव जी. रुई मोठी उमदा हाये त्याईची."

मागं कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. दसरूभाऊ हसले नाहीत. निवाडा झाला: रविवारच्या आत चौदाही घरांची छतं मोकळी करायची आणि यापुढं कय्यूमनं कॉलनीत गादीचं काम करायचं नाही.

भाऊ जाऊन आपल्या दारात बसले. अमिनाबाई मात्र सरळ चौकातल्या एसटीडीवर गेल्या आणि वरोऱ्याला फोन लावला. रईस म्हणाला, रविवारी मेटॅडोर घेऊन येतो, सामान बांधून ठेवा. त्या परत येऊन ट्रंक भरू लागल्या. भाऊ दारात बसून होते. "फोम," ते एकदाच म्हणाले, एखाद्या रोगाचं नाव घ्यावं तसे.

शुक्रवारी सकाळी त्यांनी काम सुरू केलं. पहिलं घर चिलबुल्यांचं, मग मास्तरांचं, मग दसरूभाऊंचं आणि तलाठ्याचं. गाद्या खाली आल्या, ताटवे खाली आले, आणि वर वर्षभर न दिसलेला स्लॅब दिसू लागला. त्या दिवशी पारा शेहेचाळीसवर होता. दुपारी एकच्या सुमारास स्लॅब कामाला लागला.

सीताबाईंचं घर यादीत शेवटी होतं. त्या रात्रपाळी करून झोपल्या होत्या, आणि भाऊंनी त्यांना उठवायला नकार दिला होता. दोन वाजता नंदिनी त्यांची वाटी परत करायला म्हणून गेली आणि तिथंच बसली. थोड्या वेळानं मास्तरांची बायको सुई मागायला गेली. ती सुईसकट तिथंच थांबली. तलाठी स्वतः आले. त्यांना बीपी तपासायचा होता. शेवटी दसरूभाऊ आले, कारण सगळे कुठं गेले ते पाहणं पंच म्हणून त्यांचं काम होतं. तीन वाजता सीताबाईंना जाग आली तेव्हा त्यांच्या खाटेभोवती अकरा माणसं भिंतींना टेकून, कुजबुजत, डुलक्या घेत बसलेली होती.

"कोण मेलं?" त्यांनी दचकून विचारलं.

"कोणी नाई, बाई. झोपा तुम्ही," दसरूभाऊ म्हणाले. "आम्ही जरासेक बसलो."

सीताबाई उठून बसल्या. त्यांनी एकेकाकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

"माझ्या वरतं कोण हाये, मालूम हाये का? वार्ड नंबर दोनचा किसन हवालदार. घरून आणलेल्या गादीवर, माझ्या हातात गेला. जीव होता तवाबी त्रास देल्ला नाई बिचाऱ्यानं, आता काय देईन? मी कय्यूमभाऊले पहिल्याच दिवशी पुसलं होतं. तुम्ही काऊन नाई पुसलं?"

मग त्या नंदिनीकडे वळल्या.

"नंदिनी, तुझं पोरगं झालं थे खाट नंबर सात. त्या खाटेवर त्या महिन्यात तिघं गेले होते. गादीबी तेच. तू तं पेढे वाटले."

"बाई!" नंदिनी म्हणाली.

"तलाठीबुवा, तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं थे टेबल—"

"राहू द्या, बाई," तलाठी घाईनं म्हणाले.

"मंग उठा. ज्याच्या छताले मेलेला माणूस नाई पायजे त्यानं आपल्या घरी जाऊन बसावं. बीपीबिपी कायी नाई तुमचं."

कोणी उठलं नाही. पंखा फिरत राहिला. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दसरूभाऊ घसा खाकरून म्हणाले की निवाडा घाईत झाला असावा. एका दिवसात इतका महत्त्वाचा निवाडा करायला नको होता. आणि अनोळखी माणूस असेल तर तसं पाहिलं तर काहीच हरकत नाही.

ती शनिवारची सकाळ कय्यूमभाऊंच्या दारात फार गमतीची होती. ट्रंकेला कुलूप लागलेलं होतं आणि ट्रंकेवर बसून लोक आपापले मृत बदलून मागत होते. दसरूभाऊंना साहेबांचे वडील नको होते, पहारेकरी चालेल. मास्तर पहारेकरी द्यायला तयार नव्हते. त्यांना त्याची सवय झाली होती. तलाठी म्हणाले, बुधू सोडून कोणीही द्या. आपलं माणूस कोणालाच नको होतं. आपल्या माणसाला आपलं सगळं ठाऊक असतं.

"खोळी नव्या करा, भाबी," नंदिनीनं अमिनाबाईंना सांगितलं. "ओळख पटायले नको."

"मेरा तो सामान बंध गया," अमिनाबाई म्हणाल्या. पण त्यांची नजर कापडाच्या गठ्ठ्याकडं गेली होती. जरा वेळानं त्यांनी ट्रंकेवरच्या माणसांना उठवलं, कुलूप काढलं आणि आतून कात्री घेतली. फक्त कात्री. ट्रंक पुन्हा लावून टाकली.

वाटप झालं, आणि एक गादी उरली. लहानूबाई कोणालाच नको होत्या. मास्तरांची बायको म्हणाली, आमच्याकडं आधीच माणसं जास्त. तलाठी म्हणाले, त्यापेक्षा बुधू बरा. दसरूभाऊंनी हात जोडले.

नंदिनी हे सगळं ऐकत होती. तिच्या तोंडावरचा रंग बदलत गेला.

"काऊन?" ती एकदम म्हणाली. "काय वाईट होत्या माझ्या सासूबाई? तुमच्या सगळ्याईच्या घरी लग्नाचे वडे कोणं तळले? तुमच्या बायकोची बाळंतपणं कोणं केली, दसरूभाऊ? नाई पायजे तं नाई पायजे. मीच ठेवते."

"बेडरूममधी?" कय्यूमभाऊंनी विचारलं.

"नाई. बैठकीत. थे जागा त्याईची होये."

रविवारी दहा वाजता रईस मेटॅडोर घेऊन आला. मागं फोमच्या गुंडाळ्या होत्या, त्यांतल्या बहुतेक चंद्रपूरच्या एका लॉजवर टाकून तो पुढं आला होता. काही अजून शिल्लक होत्या. अमिनाबाईंची ट्रंक दाराबाहेर तयार होती, पण त्या स्वतः आत शिवत बसल्या होत्या आणि भाऊ घरात नव्हते. रईस त्यांना शोधत चिलबुल्यांकडं आला. कय्यूमभाऊ बैठकीत स्टुलावर उभे होते, तोंडात सुतळी, दोन्ही हात छतात.

"चलो भाई," रईस म्हणाला. "धूप चढ़ रही है."

"बैठ," भाऊ सुतळीतून म्हणाले.

नंदिनीनं खुर्ची दिली. रईस बसला, रुमालानं मान पुसली, शर्टाचं वरचं बटण सोडलं. काही वेळानं दुसरंही सोडलं. बाहेर मेटॅडोरचा पत्रा तापून कडकड वाजत होता. कय्यूमभाऊंनी शेवटचा ताटवा बांधला आणि पुढच्या घरी निघून गेले. अजून दहा बाकी होती. रईस उठला नाही. त्यानं मान मागं टाकून छताकडं बारकाईनं पाहिलं, धंद्यातल्या माणसानं पाहावं तसं.

"ऊपर क्या डाला है? फोम तो नहीं लगता."

"सासूबाई हायेत," नंदिनी म्हणाली, आणि पाण्याचा ग्लास पुढं केला.

त्यानं पाणी प्यायलं, चेष्टा समजून हसला, आणि खुर्चीतच त्याचे डोळे मिटले. तासाभरानं अमिनाबाई त्याला जेवायला बोलवायला आल्या. दीर मान टाकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला. नंदिनीनं ओठांवर बोट ठेवलं. अमिनाबाई दारातूनच मागं फिरल्या, रस्ता ओलांडून आपल्या अंगणात गेल्या, आणि तापलेल्या ट्रंकेच्या कडीला पदर गुंडाळून ती एकट्यानंच ओढत आत नेऊ लागल्या.